नाव एकीचं, नंबर दुसऱ्याचा

ऑपरेशनच्या खोलीवरचा लाल दिवा लागला तेव्हा नऊ वाजून दहा मिनिटं झाली होती. आत जाताना सासूबाईंनी आपली चप्पल आणि चष्मा त्याच्या हवाली केला.

"जावईबापू, उगाच येरझाऱ्या घालू नका. बाकीच्या पेशंटांना धडकी भरते," त्या म्हणाल्या.

"नाही घालत, आई."

"आणि चहा घ्या. सकाळपासून पोटात काही नाही तुमच्या."

दार बंद झालं. तो भिंतीकडेच्या खुर्चीवर बसला, चप्पल खुर्चीखाली सरकवली आणि चष्मा मिटून खिशात ठेवला.

सासूबाईंना एकच डोळा होता. उजवा त्यांच्या सातव्या वर्षी काटकी लागून गेला. उरलेल्या डाव्या डोळ्यावर त्यांनी शिक्षण केलं, संसार केला, लेक वाढवली. आता त्यात मोतीबिंदू पिकला होता. साखरेच्या डब्यात मीठ गेलं तेव्हा त्या हसल्या होत्या. पण गेल्या महिन्यात जिन्याची शेवटची पायरी दिसली नाही, आणि मग त्या हसेनाशा झाल्या.

लेक गेली तेव्हा त्या पंधरा दिवसांसाठी म्हणून त्याच्याकडे आल्या होत्या. त्याला आता चौदा महिने झाले. कधी जाणार हे त्याने विचारलं नाही, आणि त्यांनीही विषय काढला नाही. संध्याकाळी दोघं एका टेबलावर जेवायची आणि आपापल्या खोलीत जायची. जी गेली तिचं नाव घरात कुणी घेत नसे.

ऑपरेशनसाठी नातेवाईक मोठ्या हॉस्पिटलाचं नाव सुचवत होते. सासूबाई ऐकायला तयार नव्हत्या. या लहानशा दवाखान्यात जावयाने लिहिलेला प्रोग्राम चालतो, एवढं त्यांना पुरेसं होतं. "ते लिहितात त्यात चूक निघायची नाही," असं त्या चारचौघांत सांगायच्या. तो मान खाली घालायचा. पण मनातून त्याला ते आवडायचं, हेही खरं.

प्रोग्राम तसा साधा होता. एकच कॉम्प्युटर आणि त्याला दोन स्क्रीन. एक इथे बाहेर काउंटरवर, दुसरी लांब केबल ओढून भिंतीपलीकडे, ऑपरेशनच्या खोलीत. काउंटरवरच्या बाईंनी यादीतल्या नावावर क्लिक केलं की त्या पेशंटची फाईल उघडायची. मग "आत पाठवा" हे बटण दाबलं की बाहेरच्या स्क्रीनवरच्या खिडकीतून आतल्या स्क्रीनवरच्या खिडकीला सिग्नल जायचा. आतल्या स्क्रीनवर पहिल्या पानावर नाव, वय, कोणता डोळा. सिस्टरांनी पायाखालची कळ दाबली की दुसरं पान. त्यावर डोळ्याचे फोटो आणि बसवायच्या लेन्सचा नंबर. तो नंबर बघून सिस्टर कपाटातून लेन्सची डबी काढणार आणि डॉक्टरबाई ती लेन्स डोळ्यात बसवणार.

सुरुवातीला त्या सिग्नलबरोबर तो पाच गोष्टी सुट्या सुट्या पाठवायचा. नाव वेगळं, वय वेगळं, नंबर वेगळा. त्याच्या कंपनीचे मालक पूर्वी शाळेत शिकवायचे, म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणत. मास्तरांनी ते पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "अरे, पाच पुड्या कशाला बांधतोस? एक डबा कर. त्यात सगळं भर आणि डबाच पाठव." म्हणून त्याने "रुग्ण" नावाचा स्वतःचा ऑब्जेक्ट, म्हणजे तसा डबा, बनवला. एका पेशंटची सगळी माहिती त्या एका ऑब्जेक्टात, आणि सिग्नल आला की अख्खा ऑब्जेक्ट पलीकडे. काम देखणं झालं होतं. डॉक्टरबाईंना त्याने स्वतः सांगितलं, आता नंबराच्या कागदाची गरज नाही. त्यांनी आजपासून कागद बंद केले होते.

काउंटरवर बसणाऱ्या बाईंना दवाखान्यात तुफान म्हणत. फोन खांद्यात धरून त्या एका हाताने पावती लिहायच्या आणि दुसऱ्या हाताने पेशंटला खुर्ची दाखवायच्या. आत्ताही त्या समोर बसलेल्या एका आजोबांना सांगत होत्या, "आजोबा, तुमची फाईल उघडून तयार ठेवली बरं का. आतल्या बाहेर आल्या की तुम्ही. थेंब घातले ना? मग डोळा चोळू नका. चोळताय. मला दिसतंय."

"चोळत नाही, पुसतोय," आजोबा म्हणाले.

"पुसूही नका."

मग त्यांचं लक्ष त्याच्याकडे गेलं. "दादा, काल संध्याकाळी तुम्ही नवीन बसवून गेलात ना, एकदम झकास झालंय! पूर्वी नावावर क्लिक केलं की दोन सेकंद नुसतं गोल फिरत बसायचं. डोकं उठायचं माझं. आता बोट लावायचा अवकाश, फाईल हजर. काय केलंत काय?"

"काही विशेष नाही, ताई," तो म्हणाला. "आधी दर पेशंटला नवा..."

तो तिथेच थांबला.

"नवा काय?"

तो काउंटरवरच्या स्क्रीनकडे बघत राहिला.

आधी दर पेशंटला प्रोग्राम नवा ऑब्जेक्ट बनवायचा. फोटो वगैरेंसाठी जागा आखत नवा डबा तयार करायला दोन सेकंद लागायचे. तुफानबाईंची तक्रार आली म्हणून त्याने काल बदल केला. डबा एकदाच बनवायचा, सकाळी प्रोग्राम सुरू होताना. नंतर दर पेशंटला तोच रिकामा करून पुन्हा भरायचा. काम चुटकीसरशी व्हायला लागलं. त्याने तपासूनही पाहिलं होतं. एक पेशंट उघडला, आत पाठवला, दोन्ही पानं पाहिली. मग दुसरा उघडला, पाठवला, पाहिली. सगळं बरोबर.

पण एक पेशंट आत असताना त्याने बाहेर दुसरा उघडून पाहिला नव्हता.

सिग्नलमधून ऑब्जेक्ट पाठवला म्हणजे त्याची नक्कल जात नाही. तोच ऑब्जेक्ट दोन्हीकडे असतो. बाहेरच्या खिडकीने धरलेला डबा आणि आतल्या खिडकीने धरलेला डबा एकच. बाहेर कुणी तो रिकामा करून दुसरं काही भरलं, तर आतल्या खिडकीच्या हातातही ते दुसरंच असणार. आणि आतल्या खिडकीला कुणी ते सांगणार नाही. वीस वर्षं तो हे काम करत होता, नवीन आलेल्यांना शिकवत होता. आणि काल संध्याकाळी घरी जायच्या घाईत स्वतःच विसरला.

पहिलं पान सिग्नल आला त्या क्षणीच लिहिलं जातं. म्हणजे तिथे सासूबाईंचं नाव आहे, ते तसंच वर राहणार. दुसरं पान सिस्टरांनी पायाखालची कळ दाबेपर्यंत लिहिलंच जात नाही. कळ दाबली की त्या क्षणी डब्यात जे असेल ते दिसणार. आणि डब्यात आता आजोबा होते.

"ताई," तो उठला. "आजोबांची फाईल कधी उघडलीत?"

"झाली की पाच-सात मिनिटं. तुमच्या आईंना आत पाठवलं आणि लगेच. का?"

"आईंची फाईल परत उघडा."

"त्या तर आत आहेत."

"उघडा ना ताई, प्लीज. नुसतं नावावर क्लिक करा."

तुफानबाईंनी त्याच्याकडे पाहिलं आणि काही न विचारता क्लिक केलं. त्यांनी काही विचारलं नाही असं बहुधा पहिल्यांदाच घडत होतं. स्क्रीनवर सासूबाईंचं नाव आलं. डावा डोळा. लेन्सचा नंबर साडेएकवीस.

"आणि आजोबांचा किती होता?"

"सतरा. अहो, झालंय काय?"

"काही नाही. आता दुसरी कुठलीही फाईल उघडू नका."

तो परत खुर्चीवर येऊन बसला. डब्यात आता पुन्हा सासूबाई होत्या. सिस्टरांनी अजून कळ दाबली नसेल, तर दाबल्यावर त्यांना साडेएकवीस दिसेल, आणि काही म्हणता काही झालेलं नसेल. कुणाला कळणारही नाही. दुपारी दोन ओळी बदलायच्या, की विषय संपला.

आणि दाबली असेल तर?

त्याने घड्याळ पाहिलं. नऊ एकोणीस. सिस्टर दुसरं पान कधी बघतात? त्याने आठवून पाहिलं. प्रोग्राम लिहिण्याआधी तो एकदा मास्क बांधून आत उभा राहिला होता. डॉक्टरबाई डोळ्याला छेद देतात तेव्हाच सिस्टर लेन्सची डबी काढून आणतात. म्हणजे सुरुवातीलाच. म्हणजे बहुतेक झालंच असेल. पण त्या दिवशी सिस्टरांना डबी सापडायला वेळ लागला होता. आजही लागला असेल. किंवा नसेलही.

भलत्या नंबरची लेन्स बसली तर दिसणार सगळं धूसर. मग ती काढून दुसरी बसवायची, म्हणजे त्याच डोळ्याला परत हात लावायचा. दोन डोळे असलेल्या माणसाचं निभावतं. इथे तो एकच होता.

लाल दिवा लागलेला असताना दाराला हात लावायचा नाही, अशी पाटी दारावर होती. तो उठला आणि त्याने दारावर थाप मारली. कुणी आलं नाही. त्याने मुठीने दणादण दार वाजवलं.

दार चार बोटं उघडलं. हिरवी टोपी घातलेल्या मावशींचे डोळे दिसले. "अहो, डोकंबिकं फिरलंय का? आत डोळा उघडा आहे!"

"मावशी, लेन्स बसवू नका म्हणावं."

"काय?"

"लेन्स बसवायची नाही! डॉक्टरबाईंना सांगा. नंबर चुकलाय."

मावशी आत वळल्या. गडबडीत दार तसंच राहिलं. फटीतून त्याला हिरव्या कापडाचा ढीग दिसत होता, आणि त्यातून बाहेर आलेले सासूबाईंचे पायमोजे. आत दिव्यांचा पांढरा झगझगाट होता. औषधाचा वास बाहेर आला.

"कोण ओरडतंय?" डॉक्टरबाईंचा आवाज.

"कॉम्प्युटरवाले. या आजींचे जावई. म्हणतात नंबर चुकलाय."

मग डॉक्टरबाई म्हणाल्या, "सिस्टर, हातात कुठली आहे?"

"सतरा, बाई."

त्याने चौकट धरली. बसवलेली नव्हती. हातात होती. अजून हातात होती.

"पान परत लावा बघू," डॉक्टरबाई म्हणाल्या. पायाखालची कळ दोनदा टकटक वाजली. मग त्यांचा आवाज चढला. "सिस्टर, इथे साडेएकवीस आहे! तुम्ही सतरा कुठून काढली?"

"नाही बाई, सतराच होता."

"समोर दिसतंय ना तुम्हाला? साडेएकवीस. एवढ्या वर्षांत तुमच्याकडून असं..."

"बाई, मी दोनदा वाचला. शपथेवर सांगते, सतरा होता." सिस्टरांचा आवाज कापत होता. मग त्या स्वतःशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या, "मला असं कसं दिसलं?"

हे काय होऊन बसलं, ते त्याला तेव्हा कळलं. बाहेर फाईल परत उघडून त्याने आपली चूक पुसली होती, आणि तीच आता सिस्टरांच्या गळ्यात पडत होती. त्या बिचाऱ्या स्वतःच्या डोळ्यांवर संशय घ्यायला लागल्या होत्या.

"सिस्टरांचं बरोबर आहे!" तो दारातून ओरडला. "सतराच दिसत होता. तो पुढच्या पेशंटचा नंबर आहे. मी आत्ता बाहेरून बदलला म्हणून साडेएकवीस दिसतोय. चूक माझ्या प्रोग्राममध्ये आहे. माझी आहे."

"मग साडेएकवीस बरोबर आहे ना?"

एका शब्दाचं उत्तर होतं. सगळे त्याचीच वाट बघत होते.

"नाही सांगता येत," तो म्हणाला. "बहुतेक बरोबर आहे. पण माझ्या स्क्रीनवर भरवसा ठेवू नका. डोळा मोजायच्या मशीनवर मूळ नंबर असेल, तो बघा. दोघांनी बघा."

मग डॉक्टरबाई हळू पण करड्या आवाजात म्हणाल्या, "मावशी, तुम्ही आणि काउंटरवाल्या, दोघी मशीनकडे जा. नाव, डोळा, नंबर मोठ्याने वाचा आणि कागदावर लिहून आणा. आणि तुम्ही हो, दार लावा. आजी, घाबरू नका. डोळा हलवायचा नाही."

"मी कुठे हलवतेय," कापडाखालून सासूबाई म्हणाल्या. "बाकीचेच सगळे हललेत."

म्हणजे त्यांनी सगळं ऐकलं होतं. डोळा तेवढा बधिर केलेला, कान शाबूत होते. त्याने दार लावलं आणि तिथेच भिंतीला टेकून उभा राहिला. मोजायच्या खोलीतून तुफानबाईंचा आवाज आला, एकेक अक्षर तोडून वाचलेला. नाव. डावा डोळा. साडेएकवीस. मग मावशींनी तेच वाचलं. साडेएकवीस. कागद त्याच्या समोरून आत गेला.

पुढची वीस मिनिटं त्याने येरझाऱ्या घातल्या. कुणी त्याला अडवलं नाही. आजोबांनी फक्त एकदा विचारलं, "आमच्या नंबराचं काय झालं म्हणायचं?"

"तुमचा सतरा आहे, आजोबा. कागदावर लिहून देतील."

"कागदच बरा," आजोबा म्हणाले आणि नकळत डोळा पुसायला लागले.

नंतर डॉक्टरबाई बाहेर आल्या, मास्क गळ्यात ओढलेला. त्या रागावतील म्हणून तो तयार उभा होता.

"हे कधीपासून होतं?"

"काल संध्याकाळपासून. आज पहिल्याच त्या."

"लेन्स व्यवस्थित बसलीय. दिसतं किती ते उद्या पट्टी काढल्यावर कळेल. डोळा ठरल्यापेक्षा जास्त वेळ उघडा राहिला, तेव्हा आत्ताच मी काही सांगणार नाही." त्या जायला वळल्या आणि थांबल्या. "सिस्टरांशी बोलून जा."

तो बोलला. सिस्टर हात धूत होत्या, त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. "मला वाटलं, आता माझे डोळे गेले," एवढंच त्या म्हणाल्या. मग नळ बंद करत, "बरं झालं, बोललात."

सासूबाईंना त्याने हाताला धरून घरी आणलं. एकच डोळा, तोही पट्टीखाली, त्यामुळे त्यांना काहीच दिसत नव्हतं. दुपारी तो जेवणाच्या टेबलावर प्रोग्राम उघडून बसला तेव्हा त्या समोर येऊन बसल्या.

"चुकलं काय नेमकं?" त्यांनी विचारलं. "मला कळेल असं सांगा."

त्याने सांगितलं. एकच डबा, आतही तोच, बाहेरही तोच, आणि बाहेरून आतलं बदललं.

"म्हणजे मी आत पडलेली, आणि माझ्या नावाच्या डब्यात ते डोळा चोळणारे गृहस्थ."

"हो."

"मग आता?"

"आता पाठवताना प्रत्येकाचा नवा डबा करायचा. एकदा भरला की कुणाला बदलता येणार नाही असा."

"लागू देत की दोन सेकंद. कोणाची गाडी सुटतेय?" त्या म्हणाल्या. थोड्या वेळाने त्यांनी टेबल चाचपलं, त्याचं मनगट सापडलं, ते धरलं. "थंडगार पडलाय हात. भीती वाटतेय का उद्याची?"

"हो, आई."

"मलाही," त्या म्हणाल्या आणि हात तसाच राहू दिला.

त्या रात्री त्याचा डोळ्याला डोळा लागला नाही. सकाळी अंधारातच उठून त्याने हाताला लागेल ते अंगात घातलं आणि दोघं दवाखाना उघडायच्या आधी दारात हजर झाले.

डॉक्टरबाईंनी पट्टी सोडवली, कापूस काढला, पापणी ओल्या बोळ्याने पुसली. "आजी, सावकाश उघडा. काय दिसतंय?"

सासूबाईंनी डोळा उघडला. लाल झाला होता. त्या समोरच्या भिंतीकडे बघत राहिल्या. मग खिडकीकडे. त्याने खुर्चीची पाठ धरली. डॉक्टरबाईही वाकून बघायला लागल्या.

सासूबाईंनी मान वळवली आणि त्याच्याकडे पाहिलं. वरून खाली, खालून वर.

"आजी?"

"जावई दिसताहेत," त्या म्हणाल्या. "स्वेटर उलटा घातलाय. शिवण सगळी बाहेर. मानेखालचं लेबलसुद्धा दिसतंय, धुवून धुवून अक्षरं गेलीत त्यावरची." जरा थांबून, आवाज खाली आणून त्या म्हणाल्या, "माझी पोर असती तर असं घराबाहेर पडू दिलं नसतं तुम्हाला."

डॉक्टरबाईंनी हातातली अक्षरांची पाटी खाली ठेवली.

त्याने स्वेटर डोक्यावरून ओढून काढायला घेतला. डोकं आत अडकलं आणि लोकरीच्या आत तो गरजेपेक्षा जरा जास्तच वेळ थांबला. बाहेरून सासूबाई म्हणाल्या, "सावकाश. घाई नाही कुणाला."